डॉक्टर सुशीला नायर यांचें चरित्र

वर्धा शहरापासून सुमारें आठ किलोमीटरांवर सेवाग्राम नांवाचें जें खेडें आहे, तेथील कस्तुरबा रुग्णालय आमच्या जिल्ह्यांतील बहुतेक वाचकांनीं पाहिलें असेल. आर्वीकडे, हिंगणघाटाकडे, सेलू व देवळीकडे असें ख्रिस्ती कुटुंब सांपडणें कठीण, कीं ज्यांतील कोणीहि तेथें कधीं उपचारास गेलेलें नाहीं. परंतु तें रुग्णालय कोणीं उभारिलें, आणि थोड्या पैशांत व थोड्या माणसांत एवढें मोठें काम तेथें कोणत्या रीतीनें चालविलें गेलें, ही हकीकत ठाऊक असलेले लोक फार नाहींत. ती सांगावी म्हणून डॉक्टर सुशीला नायर यांचें चरित्र येथें देत आहों. त्यांस जाऊन आतां पाव शतक होत आलें.

कांहीं वाचक विचारतील, कीं ह्या बाई ख्रिस्ती नव्हत्या, मग आमच्या पत्रांत त्यांस जागा कां? आपला शेजारी कोण, हें सांगतांना प्रभूनें याजकाचा किंवा लेव्याचा दाखला न देतां शोमरोनी मनुष्याचा दिला, एवढें उत्तर पुरे आहे.

सुशीलाबाईंचा जन्म इ. स. १९१४ च्या डिसेंबर महिन्याच्या २६ व्या तारखेस, म्हणजे नाताळाच्या दुसऱ्या दिवशीं, पंजाबांतील गुजरात जिल्ह्यांत कुंजाह ह्या गांवीं झाला. हा गुजरात जिल्हा निराळा व आपल्या शेजारचें गुजरात राज्य निराळें, इ. स. १९४७ पासून तो प्रदेश पाकिस्तानांत मोडतो. त्यांचे वडील बंधु प्यारेलाल हे तरुणपणींच महात्मा गांधींकडे गेले व पुढें त्यांचे चिटणीस झाले. भावामुळें बहिणीलाहि लहानपणापासून त्या घरच्या वळणाची ओळख झाली. लाहोर येथें शिक्षण झाल्यावर त्या दिल्लीच्या लेडी हार्डिंग वैद्यकीय महाविद्यालयांत गेल्या. केवळ स्त्रियांस वैद्यक शिकवावें म्हणून हें विद्यालय इ. स. १९१६ मध्यें उघडलें होतें. त्या काळीं असंख्य घरांतल्या स्त्रिया पुरुष डॉक्टरास हात लावूं देण्यापेक्षां मरण पत्करीत असत. तेथें सुशीलाबाईंनीं एम. बी. बी. एस. ची व त्यापुढची एम. डी. ची परीक्षा उत्तीर्ण केली. दिल्लीसारख्या नगरींत राहून द्रव्य व कीर्ति मिळविण्यास त्यांस कांहीं अडचण नव्हती.

इ. स. १९३९ मध्यें त्या भावाकडे ह्या जिल्ह्यांत आल्या. गांधीजी त्या गांवीं इ. स. १९३६ पासून राहत होते. गांवाचें मूळ नांव शेगांव. बुलढाणा जिल्ह्यांतील शेगांवाशीं घोटाळा होऊन पत्रें भलतीकडे जात, म्हणून इ. स. १९४० मध्यें तें नांव बदलून सेवाग्राम असें ठेविलें. सुशीलाबाई येऊन फार दिवस झाले नव्हते तोंच वर्ध्याच्या भागांत पटकीची सांथ आली.

पटकी म्हणजे काय, हें आमच्या आजोबा-पणजोबांच्या पिढीनें डोळ्यांनीं पाहिलें होतें. सकाळीं शेतावर गेलेला धडधाकट मनुष्य दुपारीं जुलाब व ओकारी सुरू होऊन अंथरुणास खिळे, आणि अंगांतलें पाणी व क्षार निघून गेल्यामुळें सूर्य मावळण्यापूर्वीं त्याची प्राणज्योति विझे. ज्या पाण्यांत रोग्याची घाण मिसळली तें पाणी जो पिईल त्याला हा रोग जडतो. म्हणून पटकीशीं झुंज द्यावयाची तर रोग्याजवळ बसून त्याला पाणी पाजणारा कोणी तरी पाहिजे. विहिरींत औषध टाकणारा पाहिजे. निरोगी माणसांस टोंचणारा पाहिजे. मळके कपडे उकळणारा, घाण पुरणारा, भ्यालेल्या लोकांस घरोघर जाऊन समजावणारा पाहिजे. हें सर्व एकाच वेळीं व्हावयास पाहिजे. चोवीस वर्षांच्या ह्या डॉक्टरीण बाईंनीं त्या सांथीचा भार बहुतेक एकटीनें उचलिला. गांधीजींनीं त्यांच्या धैर्याची वाखाणणी केली व त्यांस आपली वैद्य नेमिलें.

त्यांच्या धैर्याविषयीं मीं निराळें काय लिहावें? परंतु एक गोष्ट लिहिल्यावांचून राहवत नाहीं. एकट्यानें केलेलें काम कितीहि थोर असो, करणारा थकला किंवा दुसरीकडे गेला कीं तें तेथेंच संपतें. मोशे सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकटाच लोकांचा न्याय करीत बसला, तेव्हां त्याचा सासरा इथ्रो ह्यानें त्याला सावध केलें, कीं अशानें तूंहि खंगशील व तुझ्याबरोबरचे लोकहि. मग लहान गोष्टींकरितां दहा-दहांवर व पन्नास-पन्नासांवर माणसें नेमिलीं गेलीं आणि बिकट तेवढ्या गोष्टी मोशेकडे येऊं लागल्या. सुशीलाबाईंच्या पुढच्या साठ वर्षांच्या चरित्रांत हीच गोष्ट रुग्णालयाच्या रूपानें घडून आलेली दिसते.

इ. स. १९४२ च्या ऑगस्ट महिन्यांत गांधीजींस व त्यांच्या मंडळीस सरकारनें धरिलें. सुशीलाबाई कस्तुरबांबरोबर पकडल्या गेल्या, आणि पुण्यास आगाखान महालांत त्यांस स्थानबद्ध करून ठेविलें. तेथें जाऊन आठवडा झाला नाहीं तोंच, १५ ऑगस्ट रोजीं, महादेवभाई देसाई एकाएकीं वारले. पुढें कस्तुरबांचें हृदय दुबळें झालें. मुंबईचे नामांकित हृदयवैद्य डॉक्टर गिल्डर हेहि तेथेंच बंदींत होते. असे दोन निष्णात डॉक्टर उशाशीं असूनहि आणखी एका माणसाची गरज पडली. नागपूरच्या तुरुंगांतून मनु गांधी नांवाच्या नात्यांतील कोवळ्या मुलीस शुश्रूषेकरितां आणविण्यांत आलें. औषध कोणतें द्यावें, हें डॉक्टर ठरवितो आणि त्यास फार तर घटकाभर लागते. उरलेल्या दिवसाच्या व रात्रीच्या घटका कुशीवर वळविण्यांत, तोंड पुसण्यांत, दोन घोट पाजण्यांत व जागें राहण्यांत जातात. शेवटीं पेनिसिलीन नांवाचें त्या काळीं नवें असलेलें औषध आणविलें गेलें, परंतु त्याची सुई देण्यास गांधीजींची संमति मिळाली नाहीं. इ. स. १९४४ च्या फेब्रुवारीच्या २२ व्या तारखेस कस्तुरबांनीं देह ठेविला.

सुटका झाल्यावर सुशीलाबाईंनीं त्याच वर्षीं सेवाग्रामास एक लहानसा दवाखाना घातला. आसपासच्या खेड्यांतून बंड्या भरभरून लोक येऊं लागले. आश्रमाची शांतता राहीना. तेव्हां बिर्ला कुटुंबानें पाहुण्यांकरितां बांधिलेलें घर देऊं केलें, आणि इ. स. १९४५ मध्यें तेथें कस्तुरबांच्या नांवानें स्त्रिया व मुलें यांजकरितां १५ खाटांचें रुग्णालय उभें राहिलें.

दवाखाना म्हणजे डॉक्टर, अशी आमच्या लोकांची समजूत असते. परंतु एखादी बाळंतीण अडली आणि रात्रीं तिला अशा रुग्णालयांत आणिलें, तर तिचा जीव किती हातांतून पार पडतो तें पाहा. गांवच्या दाईनें वेळेवर ओळखिलें पाहिजे कीं हें आपल्या हातचें काम नव्हे. बंडीवाल्यानें निघालें पाहिजे. दारावर जो कोणी असेल त्यानें तिला बसवून न ठेवितां आंत नेलें पाहिजे. परिचारिकेनें नाडी व रक्ताचा दाब पाहून डॉक्टरास उठविलें पाहिजे. रक्त तपासणाऱ्यानें न चुकतां गट सांगितला पाहिजे. हत्यारें ज्यानें उकळलीं त्यानें तीं खरोखर उकळलेलीं पाहिजेत. भूल देणाऱ्यानें तिच्या श्वासावरून डोळा हलवितां कामा नये. आणि झाडणाऱ्या बाईनें फरशी पुसलेली पाहिजे, नाहीं तर शस्त्रक्रिया उत्तम होऊनहि आठ दिवसांनीं जखमेंत पू होऊन ती मरेल. ह्यांतला एक दुवा तुटला कीं डॉक्टराची विद्या वायां जाते. कफर्णहूमास त्या पक्षघाती मनुष्याची बाज चौघांनीं उचलली होती. त्यांपैकीं तिघे आले असते व चौथा घरीं राहिला असता, तर छप्पर उस्तरून ती खालीं सोडणार कशी? आणि त्या चौघांचीं नांवें कोणीं लिहून ठेविलेलीं नाहींत.

परिचारिकांविषयीं येथें थोडें अधिक लिहितों, कारण ती आमच्या मंडळ्यांची गोष्ट आहे. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत हिंदुस्थानांतील शिकलेल्या परिचारिकांपैकीं फार मोठा भाग ख्रिस्ती मुलींचा होता. परक्याचें मलमूत्र व रक्त यांस हात लावावयाचा, रात्रीं घराबाहेर राहावयाचें, ह्या कारणांनीं उच्च म्हणविणाऱ्या घरच्या मुली ह्या कामास येत नसत. मिरजेस डॉक्टर वानलेस यांनीं, नागपुरास म्यूर मेमोरियल रुग्णालयानें, आणि अशाच दुसऱ्या मिशन रुग्णालयांनीं खेड्यांतल्या साध्या मुलींस शिकवून तयार केलें. त्या मुलींस लोकांनीं नांवें ठेविलीं. त्याच लोकांच्या सुना त्यांच्या हातून बाळंत झाल्या! सेवाग्रामासहि पुढें परिचारिका शिकविण्याची शाळा निघाली. मिशनांनीं जी वाट पाडिली होती तीच वाट ह्या गांधीभक्त बाईंनीं निराळ्या बाजूनें येऊन धरिली, असें म्हणण्यास हरकत नाहीं.

इ. स. १९४६ च्या अखेरीस नौखालीच्या दंगलींत जळालेल्या गांवांत सुशीलाबाई गांधीजींबरोबर सेवेस गेल्या. इ. स. १९४८ च्या जानेवारीच्या ३० तारखेस गांधीजींचा खून झाला तेव्हां त्या पाकिस्तानांत निर्वासितांच्या कामावर होत्या. शेवटची भेटहि झाली नाहीं. त्यानंतर त्या अमेरिकेस गेल्या व जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठांत सार्वजनिक आरोग्याचें शास्त्र शिकून त्यांनीं त्या विषयांतील पदव्या घेतल्या. हें शास्त्र खाटेवरच्या एका रोग्याकडे पाहत नाहीं. गांवांत हजार माणसें आहेत, त्यांतलीं किती आजारी पडतात, कां पडतात, आणि त्यांपैकीं कितींस मुळींच आजारी पडूं न देणें शक्य आहे, असा प्रश्न तें विचारतें. आणि हाताशीं असलेला रुपया कोठें खर्चिला असतां अधिक जीव वांचतील, असाहि प्रश्न विचारतें. दुसरा प्रश्न कित्येकांस कठोर वाटतो. जीवाचा हिशेब रुपयांत करावा काय, असें ते म्हणतात. मला मात्र वाटतें, कीं ज्याच्याजवळ पांच भाकरी आहेत व समोर पांच हजार लोक आहेत त्यानें लोकांस पंक्तीनें बसविलेंच पाहिजे. आणि प्रभूनेंहि चमत्कारापूर्वीं त्यांस शंभर-शंभरांच्या व पन्नास-पन्नासांच्या पंक्तींनीं बसविलें होतें.

इ. स. १९५० मध्यें त्या परत आल्या. फरिदाबाद येथें त्यांनीं क्षयरोग्यांचें आरोग्यधाम काढिलें. वर्ध्यास इ. स. १९५१ मध्यें गांधींच्या स्मारकानिमित्त कुष्ठरोगाच्या कामाकरितां जी संस्था स्थापन झाली तिच्या कारभारांतहि त्यांचा हात होता. ह्या संस्थेच्या कामाची रीत डॉक्टर वर्देकर यांनीं बसविली, आणि ती आमच्या विषयास फार लागू आहे. पूर्वीं कुष्ठरोग्यास गांवाबाहेरच्या आश्रमांत ठेवीत. आमच्या मिशनांनीं असे आश्रम मोठ्या प्रेमानें चालविले हें खरें, तरी जे तेथें पोहोंचत ते हातापायांचीं बोटें झडल्यावर पोहोंचत. वर्देकरांनीं ठरविलें, कीं डॅप्सोन नांवाचें स्वस्त औषध हातीं आलें आहे तर रोग्याची वाट न पाहतां रोगाच्या शोधास निघावें. परंतु घरोघर हिंडून प्रत्येक माणसाचें अंग तपासण्यास इतके डॉक्टर आणावे कोठून? म्हणून बेताचें शिक्षण झालेल्या तरुणांस ह्या एकाच रोगाचें ज्ञान देऊन त्यांनीं गांवोगांव पाठविलें. ते चट्टे पाहत, बधिरपणा तपासत, लोकांस समजावीत व गोळ्या देत. जेथें शंका येई तेवढाच रोगी डॉक्टराकडे जाई. शोध, शिकवण व उपचार ही त्रिविध रीत पुढें देशभर पसरली, आणि इ. स. १९५५ मध्यें सरकारनें जी राष्ट्रीय योजना आरंभिली तिच्यांत ती उपयोगीं पडली.

राजकारणांतील त्यांची कारकीर्द लांब आहे, पण येथें थोडक्यांत आटोपतों. इ. स. १९५२ पासून १९५५ पर्यंत त्या दिल्ली राज्याच्या आरोग्यमंत्री व त्यानंतर १९५६ पर्यंत तेथील विधानसभेच्या अध्यक्ष होत्या. इ. स. १९५७ पासून झांशीकडून लोकसभेवर निवडून येत गेल्या आणि इ. स. १९६२ ते १९६७ ह्या काळांत सर्व देशाच्या आरोग्यमंत्री झाल्या. ह्या अधिकारपदावर बसून त्यांस एक गोष्ट स्पष्ट दिसली असली पाहिजे: विद्यालयें वाढत होतीं, डॉक्टर वाढत होते, आणि खेड्यांत मात्र डॉक्टर दिसत नव्हता. शहरांत शिकलेला मुलगा शहरांतच राहतो.

ह्यावर त्यांनीं काढिलेला उपाय म्हणजे विद्यालयच खेड्यांत न्यावयाचें. इ. स. १९६४ मध्यें कस्तुरबा आरोग्य संस्था स्थापन झाली होती. तिच्या विद्यमानें इ. स. १९६९ मध्यें, गांधीजींच्या जन्मशताब्दीच्या वर्षीं, सेवाग्रामास महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था ह्या नांवाचें वैद्यकीय महाविद्यालय ६० विद्यार्थ्यांनिशीं सुरू झालें. खर्चाची वांटणी अशी ठरली, कीं निम्मा भाग केंद्र सरकारनें, चौथा भाग महाराष्ट्र सरकारनें व उरलेला चौथा भाग संस्थेनें सोसावा. शेवटचा चौथा भाग उभा करण्याची काळजी सुशीलाबाईंच्या माथ्यावर राहिली.

विद्यालयाचे नियम कडक होते. सर्वांनीं खादी वापरावी, शाकाहार करावा, दारू व तंबाखू वर्ज्य करावी, हातांनीं श्रमाचें काम करावें, सर्वधर्मप्रार्थनेस बसावें. आंत आल्याबरोबर पहिले पंधरा दिवस नव्या विद्यार्थ्यास आश्रमांत राहून झाडणें, निवडणें, सूत कांतणें करावें लागे. श्रीमंतांच्या कांहीं मुलांस हें जड गेलें. खादीवांचून चांगला डॉक्टर होत नाहीं असें नाहीं, आणि शाकाहाराविषयीं तर आमचें मत प्रेषित पौलाच्या मताहून निराळें नाहीं. तथापि ज्या मुलाला उद्यां परिचारिकेवर, शिपायावर व झाडणाऱ्या बाईवर हुकूम करावयाचा आहे, त्यानें एकदां तरी स्वतः झाडू धरिला पाहिजे, ह्यांत बाईंचें चुकलें असें मला वाटत नाहीं. दारूविषयीं तर बोलावयासच नको. आमचा जिल्हा कायद्यानें दारूबंदीचा आहे, आणि रविवारीं उपासनेच्या वेळीं मागच्या बांकावर वास येतो तो कशाचा येतो, हें आमच्या उपदेशक बंधूंस ठाऊक आहे.

त्याहून महत्त्वाची गोष्ट खेडें दत्तक घेण्याची. प्रत्येक वर्षाचा वर्ग एक गांव निवडतो, आरंभीं पंधरवडाभर तेथें जाऊन राहतो, व प्रत्येक विद्यार्थ्याकडे कांहीं कुटुंबें सोंपवून दिलेलीं असतात. पुढें वर्षानुवर्षें त्या घरांचा समाचार त्यानें घ्यावयाचा. तेथें पुस्तकांतला रोग भेटत नाहीं. भेटतो तो कर्जांत बुडालेला कास्तकार, रोजीवर जाणारी पोटुशी बाई व वजन न वाढणारें मूल. त्या घरची विचारपूस परिचारिका आधींपासून करीत असते, आणि डॉक्टर होऊं पाहणारा मुलगा तिच्यापासून शिकतो.

आतां ज्वारीची हकीकत सांगतों. इ. स. १९८० च्या सुमारास रुग्णालयांतील डॉक्टर उल्हास जाजू व त्यांचे सहकारी ह्यांनीं आसपासच्या खेड्यांत आरोग्य-विम्याची एक योजना घातली. ही कल्पना सुशीलाबाईंच्या एकटीच्या डोक्यांतली नव्हे, हें मुद्दाम सांगितलें पाहिजे. त्यांनीं उभें केलेलें घरच असें होतें कीं त्यांत दुसऱ्यांस काम सुचे व करितां येई. योजना अशी: शेतमजुराच्या हातीं वर्षभर पैसा नसतो, पण सुगीच्या वेळीं घरांत ज्वारी असते. म्हणून सुगी होतांच गांवांतल्या प्रत्येक घरानें आपल्या ऐपतीप्रमाणें ज्वारी द्यावी. ज्याला जमीन नाहीं त्यानें थोडी, ज्याला शेत अधिक त्यानें अधिक. गांवांतील तीन चतुर्थांश कुटुंबें सामील झालीं तरच त्या गांवाशीं करार. जमलेल्या धान्याच्या पैशांतून गांवच्याच एका आरोग्यसेवकास मानधन व साधीं औषधें मिळत. ठरल्या वेळीं परिचारिका व डॉक्टर गांवीं येत. आणि अकस्मात् आजारीपण येऊन रुग्णालयांत ठेवावें लागलें तर त्या घरास बिल येत नसे. बाळंतपण, मोतीबिंदू अशा आधींपासून ठाऊक असलेल्या गोष्टींकरितां मात्र रोग्यानें कांहीं भाग सोसावा.

ह्या योजनेंत दानधर्म नव्हता. गरिबानें दोन पायल्या ज्वारी दिली, म्हणजे रुग्णालयाच्या दारांत तो भिकारी म्हणून न जातां हक्कदार म्हणून जात असे. गांवच्या सभेंत तो सेवकास जाब विचारूं शके. आणि खर्च कमी येण्याचें कारणहि ह्याच रचनेंत होतें. लेकराला हगवण लागली असतां मीठ-साखरेचें पाणी कसें द्यावें, हें गांवचा सेवक दाखवितो. त्यास डॉक्टर नको. टोंचणें, गरोदर बाईचें तपासणें, वजन घेणें, हें परिचारिका करिते, आणि पुष्कळदां डॉक्टरापेक्षां बरें करिते, कारण बायका तिच्याशीं मोकळेपणीं बोलतात. मग मोठ्या रुग्णालयांतल्या डॉक्टराचा वेळ फुप्फुसांत पाणी झालेल्या, सर्प डसलेल्या, बाळंतपणांत अडलेल्या माणसांकरितां उरतो. एक डॉक्टर तयार होण्यास कित्येक वर्षें व समाजाचा पुष्कळ पैसा लागतो. त्याला पडशाची गोळी देत बसविणें म्हणजे नांगराच्या बैलाकडून चाळणी फिरवून घेणें होय.

परंतु ह्या गोष्टीची दुसरी बाजूहि आहे, आणि ती न सांगणें अप्रामाणिकपणाचें होईल. स्वस्ताई ह्या नांवाखालीं न शिकलेल्या माणसास शिकलेल्याच्या जागीं बसवावें, असा अर्थ कित्येक चालक करितात. रात्रपाळीस एका परिचारिकेच्या अंगावर दोन मोठे वॉर्ड टाकितात, आणि पगाराची बचत झाली म्हणून आनंद मानितात. जी सलाईन संपल्याचें कोणास कळलें नाहीं, जो ताप पहांटेपर्यंत कोणीं पाहिला नाहीं, त्याचा खर्च त्यांच्या वहींत लिहिला जात नाहीं. तो रोग्याच्या घरीं लिहिला जातो. गांवच्या सेवकासहि आपल्या मर्यादेची ओळख पाहिजे. जे रोग्यास वेळेवर पुढें पाठवितात ते चांगले सेवक. जे मानापायीं अडकवून ठेवितात त्यांच्या हातून माणसें मरतात. मागें कोण आहे व हांक मारिली असतां तो येईल काय, ह्यावर सर्व भिस्त असते. प्रेषितांनीं पंक्तीची सेवा सात जणांकडे सोंपविली तीं माणसें हलकीं समजून नव्हे; त्यांतलाच स्तेफन पहिला रक्तसाक्षी झाला.

आमच्या मंडळ्यांत मीं उलटी रीतहि पाहिली आहे. लेकराला साधी हगवण लागली तर घरच्या आरोग्यसेविकेला वगळून, भाड्याची गाडी करून, दिवसाची मजुरी बुडवून मोठ्या दवाखान्याची वाट धरितात. आणि सून तीन दिवस अंगावर रक्त जात असतां घरांत पडून राहते, कारण म्हातारीच्या मतें असें सर्वांसच होतें. एकीकडे पैसा जातो, दुसरीकडे जीव. मंडळींतील आरोग्यसेविका आमचीच बहीण असते, पण तिचें शिक्षण थोडें म्हणून तिचा शब्द कोणी मानीत नाहीं. तिच्याजवळच्या पिशवींतल्या मीठ-साखरेच्या पुडींत जें आहे तेंच मोठ्या दवाखान्यांतहि पाजतील, हें तिनें सांगून कोणास पटत नाहीं. पाळकानें सांगितलें तर पटतें.

सुशीलाबाईंनीं विवाह केला नाहीं. स्वभाव करारी होता. शिस्तीच्या बाबतींत त्या कोणाची भीड धरीत नसत, आणि त्यामुळें दुखावलेलीं माणसेंहि होतीं. इ. स. १९७७ मध्यें झांशीकडून त्या पुन्हां लोकसभेवर गेल्या, परंतु त्यानंतर राजकारण सोडून सेवाग्रामच्या कामास त्यांनीं वाहून घेतलें. इ. स. १९८२ मध्यें बंधु प्यारेलाल वारले, तेव्हां त्यांनीं अर्धवट ठेविलेलें गांधीचरित्राचें काम बहिणीनें म्हातारपणीं हातीं घेतलें. रुग्णालयांतील लहानथोर सर्व मंडळी त्यांस बडी बहनजी म्हणत.

इ. स. २००१ च्या जानेवारीच्या ३ तारखेस सेवाग्राम येथेंच हृदयक्रिया बंद पडून त्यांचा अंत झाला. त्या वेळीं त्यांचें वय ८६ वर्षांचें होतें. पंधरा खाटांनीं आरंभिलेल्या रुग्णालयांत तोंपर्यंत शेंकडों खाटा झाल्या होत्या. प्रत्येक नव्या वर्गानें एक खेडें दत्तक घ्यावें, हा परिपाठ त्यांच्या मागेंहि चालू राहिला.